रिक्षाच्या गादीचे हेडफोन

निसर्गाने माणसाला दिलेल्या पाच इंद्रियांत कान हेच सर्वांत उदार इंद्रिय आहे. डोळे मिटून घेता येतात, नाक दाबता येतं, जीभ निदान तत्त्वतः तरी आवरता येते. कान मात्र दार सताड उघडं टाकून बसलेला, येईल त्याला आत घेणारा, आणि एवढं करून कधी आभाराची अपेक्षा न ठेवणारा. हा थोर विचार मला सुचला तेव्हा माझ्या दोन्ही कानांवर गुलाबी प्लॅस्टिकच्या साबणदाण्या होत्या, साबणदाण्यांभोवती सायकलरिक्षाच्या गादीचं लाल फुलाफुलांचं रेक्झिन होतं, डोक्यावरून छत्रीच्या तीन काड्या गेल्या होत्या, आणि समोर भिंतीशी उभ्या असलेल्या देवरावांचा चेहरा असा झाला होता, जणू माझ्या डोक्यावर त्यांनी आपलं पहिलंच मूल ठेवलं आहे.

"कसं वाटून राहिलं, काकाजी?" असं त्यांनी विचारलं असावं. मला ऐकू आलं नाही. हेडफोन चांगलेच होते.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यातली. देवराव ढोमणे यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान नागपूरच्या महाल भागात एका जिन्याखाली होतं आणि त्या जिन्याच्या वर मी, एक निवृत्त मास्तर, राहत होतो. कुणी जिना चढू लागलं की देवराव बोलता बोलता थांबत आणि पावलं वर पोचली की वाक्य सोडलं होतं तिथूनच उचलत. माझ्या येण्याजाण्यामुळे त्यांची किती वाक्यं तुटली असतील याचा हिशेब नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मोठ्या रेडिओच्या पाठीला कान लावून आतला कोणता व्हॉल्व्ह आजारी आहे ते हा माणूस सांगत असे, आणि सांगताना आवाज खाली आणत असे, रेडिओला कळू नये म्हणून.

पण अलीकडे रेडिओ आजारीच पडेनात. ट्रान्झिस्टर हातातून पडला तरी पडल्या जागेवरून बातम्या देत राही. ज्यांच्याकडे जुने मोठे रेडिओ होते त्यांनी ते बिघडल्यावर वर विणलेला रुमाल टाकून त्यावर फुलदाणी ठेवायला सुरुवात केली होती. मी एकदा म्हटलं, "देवराव, टीव्हीचं काम शिकून घ्या." तर म्हणाले, "त्याच्यात पाहा लागते, काकाजी. मी ऐकनारा मानूस."

अशा ऐकणाऱ्या माणसावर काटोलच्या चंपतरावांची नजर होती. चंपतराव घोरमाडे म्हणजे देवरावांचे सासरे. संत्र्याचे व्यापारी. झाडावरचा माल नुसता पाहून, बगीच्याला दोन चकरा मारून, एकूण किती गाड्या भरतील ते सांगणारे. त्यांना मुली तीन, मुलगा नाही, आणि तिघी मुलींच्या नवऱ्यांपैकी दोघे सरकारी नोकरीत पक्के चिकटलेले. मोकळा असा एकच जावई, आणि तो जिन्याखाली. गेली तीन वर्षं ते काटोलहून येत, दुकानासमोर उभे राहत, आत वाकून पाहत आणि म्हणत, "जवाईबापू, या डब्यायमंधी डोस्कं घालून काय भेटते तुमाले? चला काटोलले. घर मोठं हाय."

घर मोठं होतं, तेच तर दुखणं होतं. देवराव एकदा मोसमात आठ दिवस तिथे राहून आले होते. पहिल्या दिवशी पाहुणा म्हणून त्यांना पाटावर बसवलं, दुसऱ्या दिवशी जावई म्हणून बसवलं, आणि तिसऱ्या दिवसापासून शेजारपाजारचे लोक "आजून हायेत काय?" असं विचारून जाऊ लागले. त्यात चंपतरावांनी त्यांना संत्र्यांची निवड करायला बसवलं. मोठी, मधली, बारकी अशी तीन ढिगांत फळं टाकायची. देवरावांनी प्रत्येक संत्रं उचलून आधी कानाशी नेलं. सवयच ती. संध्याकाळपर्यंत त्यांच्यासमोर अकरा संत्री निवडून झाली होती, आणि निवडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून दोनदा बाहेर जाऊन आल्या होत्या.

देवरावांची बायको शामला तर काटोलचं नाव काढलं की भाकरी थापता थापता हात थांबवायची. "बापाच्या घरून वाजतगाजत निंगाली मी," ती म्हणे. "आता पेटी घेऊन वापस जाऊ काय? लोकं म्हनतीन, पोरगी देल्ली होती का उसनी देल्ली होती?"

यंदा मात्र चंपतरावांनी मुदत घातली होती. मिरगाच्या आत दुकानात काही धंदा दिसला तर ठीक, नाही तर ते स्वतः ट्रक घेऊन येणार आणि जावई, मुलगी, पेटी आणि सोल्डरिंग आयर्न एकाच फेरीत नेणार. चंपतरावांच्या तोंडून निघालेला ट्रक आजवर कधी रिकामा परतला नव्हता.

अशा वेळी महादेवराव अलोणे यांचा घसा बसला.

महादेवराव हे बर्डीवर एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर टंकलेखन आणि लघुलेखनाचे वर्ग चालवत. हॉल एकच. एका बाजूला सोळा टाइपरायटर, दुसऱ्या बाजूला लघुलेखनाचे विद्यार्थी. सोळा टाइपरायटरांच्या खडखडाटावर मात करत महादेवराव मिनिटाला ऐंशी शब्दांच्या वेगाने, वीस वर्षं, ओरडून मजकूर सांगत आले होते. डॉक्टरांनी घसा पाहिला आणि बोलणं बंद करा म्हणाले. महादेवरावांनी टेपरेकॉर्डर आणला आणि राहिलेल्या आवाजात सगळा मजकूर त्यात भरून ठेवला. पण टेपरेकॉर्डर महादेवरावांइतका ओरडू शकत नव्हता. तेव्हा हेडफोन हवे, चोवीस हवे, आणि स्वस्त हवे, असं ठरलं. मुंबईहून एक जोड नमुन्याला आला. दिसायला देखणा, काळा, चकचकीत. भाव ऐकून महादेवरावांचा उरलेला घसाही बसला.

त्यांची माझी जुनी ओळख. मी देवरावांचं नाव सांगितलं. देवरावांनी आठ दिवस दुकानाचं दार लोटून घेतलं आणि वर सांगितलेला, साबणदाण्यांचा, रिक्षाच्या गादीचा, छत्रीच्या काड्यांचा जोड तयार केला. त्याची किंमत मुंबईच्या जोडाच्या चौथ्या हिश्श्याइतकीही नव्हती. रेक्झिन ज्याच्याकडून आणलं तो रिक्षाच्या गाद्या शिवणारा होता आणि त्याने विचारलं होतं म्हणे, "इतकी बारीक रिक्षा कोनाची?"

चोवीस जोडांचं काम मिळालं तर देवराव नागपूरचे. नाही मिळालं तर काटोलचे. एवढं सगळं त्या लाल रेक्झिनवर टांगलेलं होतं.

महादेवराव कायद्याचा माणूस. त्यांनी तीन जणांची परीक्षक समिती नेमली. इंदूबाई, मुलींच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, ध्वनीसाठी. कानाचे एक वयस्कर डॉक्टर, कानासाठी. आणि मी, माझ्याकडे शाईचं पेन आणि मोकळी दुपार होती यासाठी. दोन्ही जोड प्रत्येकाने पंधरा पंधरा मिनिटं घालायचे, आवाज आणि आराम यांचा एकत्र विचार करून दहापैकी गुण द्यायचे, बेरीज जास्त त्याला काम.

ठरल्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्ही माडीवर जमलो. कूलर कुरकुरत होता. सोळा विद्यार्थ्यांना काहीही टाइप करत बसायला सांगितलं होतं, म्हणजे खडखडाट खरा असावा. शामलाने पन्हं करून आणलं होतं आणि ती मागच्या बाकावर कळशी सांभाळत बसली होती. देवराव भिंतीशी उभे होते. त्यांच्याकडे पाहून वाटत होतं, परीक्षा हेडफोनची नसून त्यांच्याच कानाची आहे.

कानाचे डॉक्टर आले नाहीत. ऊन उतरल्यावर येतो असा त्यांनी निरोप पाठवला. नागपुरात मे महिन्यात याचा अर्थ जुलै.

"समिती तिघांचीच पाहिजे," महादेवराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दोघांची असली तर तिला समिती म्हणत नाहीत, भांडण म्हणतात."

तेवढ्यात जिन्यावर वहाणा वाजल्या आणि डोक्याला, कानाला आणि अर्ध्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेले एक गृहस्थ वर आले. जावयाच्या हेडफोनचं काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून चंपतराव काटोलहून एसटीने आले होते.

महादेवरावांनी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. "आपण कुठले?"

"काटोलचा."

"वा! बाहेरगावचे! म्हणजे पूर्ण निःपक्ष. इकडे बसा. समितीत आहात तुम्ही."

देवरावांनी तोंड उघडलं. चंपतरावांनी हाताने त्यांना थांबवलं आणि खुर्चीत मांडी घालून बसले. म्हणाले, "होऊ द्या."

खरं म्हणजे मी बोलायला हवं होतं. पण हातात पन्ह्याचा पेला होता, आणि दुसरा निःपक्ष माणूस शोधायचा म्हणजे कुणीतरी खाली उन्हात जाणं आलं. समितीत सर्वांत तरुण मीच होतो. बासष्ट.

पहिल्या इंदूबाई. त्यांनी मुंबईचा जोड डोक्यावर चढवला. त्याचा पट्टा अंबाड्यापर्यंत जाऊन अडला आणि अंबाड्यावरून घसरत मानेवर आला. दोनदा असं झाल्यावर त्यांनी तो हाताने कानांशी धरून ऐकला. कुड्यांमुळे तो कानांना टोचत होता हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं.

"आवाज अगदी स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "एकेक अक्षर सुटं. इतका स्वच्छ की महादेवराव, तुमची कवळी 'स' म्हणताना हलते तेही कळतं. पण टाइपरायटरही तितकेच स्वच्छ ऐकू येतात."

महादेवरावांनी तोंड मिटून घेतलं, ते सबंध दुपारभर शक्यतो उघडलं नाही.

मग देवरावांचा लाल जोड. छत्रीच्या काड्या लवचिक. इंदूबाईंनी त्या वरून न घालता हनुवटीखालून घातल्या. दाढदुखीचा माणूस फडकं बांधून बसतो तशा त्या दिसू लागल्या. पण चेहरा हळूहळू निवळला. सोळा टाइपरायटर समोर खडखडत होते आणि इंदूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. पंधरा मिनिटांनी मला त्यांच्या खांद्याला हात लावून वेळ संपल्याचं सांगावं लागलं.

"यात आवाज जरा गोधडीतून आल्यासारखा आहे," त्या म्हणाल्या, "खालचे सूर जास्त, वरचे कमी. पण खडखडाट एकदम गायब. आणि महादेवराव यात फार प्रेमळ वाटतात हो. तुम्ही कुठल्या तरी सहा खुर्च्यांच्या दुरुस्तीबद्दल सांगत होता. मला वाटलं, करून टाकावी बिचाऱ्यांची दुरुस्ती."

त्यांनी मुंबईला सहा दिले, देवरावांना सात.

नंतर मी. मुंबईच्या जोडाने चष्म्याच्या काड्या दोन्ही बाजूंनी कानामागे अशा दाबल्या की पाचव्या मिनिटाला मला काय ऐकतो आहे यापेक्षा मी काय चूक केली आहे असा प्रश्न पडला. देवरावांचा जोड मऊ. चष्म्यासाठी त्यांनी गादीत एक खाच ठेवली होती. हे मला माहीत नव्हतं, घातल्यावर कळलं, आणि मला जरा भरून आलं. तरी परीक्षक म्हणून मी कठोर राहिलो. घाम येतो म्हणून एक गुण कापला. डावीकडून अधूनमधून कुकरच्या शिटीसारखा बारीक आवाज येतो म्हणून एक. आणि मी तो घातल्यावर सोळाही टाइपरायटर थांबून विद्यार्थी खिदळू लागले म्हणून एक. सात. मुंबईला सहा.

भिंतीपाशी देवरावांच्या अंगात थोडा जीव आला. दोन परीक्षकांत ते दोन गुणांनी पुढे होते.

मग चंपतराव.

त्यांनी आधी दुपट्टा सोडून मांडीवर ठेवला. मुंबईचा जोड घेतला, डोक्यावर ठेवला, घड्याळाकडे पाहत बसले आणि तिसऱ्याच मिनिटाला काढून टेबलावर ठेवला. "वा," ते म्हणाले. "काय माल हाय! एक नंबर. असा माल पाहालेच भेटत नाही. वा, वा."

देवराव पुन्हा भिंतीला टेकले.

लाल जोड मात्र चंपतरावांनी लगेच डोक्यावर घातला नाही. तो हातात घेऊन तोलला. वायर जिथे आत जाते तिथे, म्हणजे त्यांच्या हिशेबाने देठाशी, अंगठ्याने दाबून पाहिला. वास घेतला. दोन्ही बाजू उन्हाकडे धरून एकीशी दुसरी ताडून पाहिली. "साल जाड हाय," असं पुटपुटले. मग घातला.

आम्ही सगळे पाहत होतो. पाच मिनिटं झाली. चंपतराव हलले नाहीत. दहा झाली. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. सर्वांत वरची, जी मी गेली तीन वर्षं जन्मजात समजत होतो, तीसुद्धा गेली. पंधरा मिनिटं झाल्यावर मी हात हलवून खूण केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. विसाव्या मिनिटाला महादेवरावांनी येऊन जोड त्यांच्या कानांवरून उचलला.

"हं?" मी पेन उघडलं. "काय वाटलं?"

"भंगार," चंपतराव म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे काय इचारता? एक त जड. दुसरं, रंग भडक, लग्नातल्या बँडवाल्यावानी. तिसरं, काड्या कोन्या छतरीच्या हायेत त देवच जाने, पान्यात भिजल्या असतीन. डावी बाजू उजवीपरीस मोठी हाय. गादीतला भुसा आज नाही त उद्या बाहेर येईन. असा माल वाटेनं पडून सापडला तरी मी उचलनार नाही."

हे सगळं ते चढत्या आवाजात, जोर लावून म्हणत होते. देवराव एकेक दोष ऐकून मान खाली घालत होते. छत्री त्यांच्या वडिलांची होती.

"ठीक आहे," मी म्हटलं. "आता गुण सांगा."

चंपतरावांनी आजूबाजूला पाहिलं. "इथं? सगळ्यायच्या पुढं?"

"हो."

"भाव असा बोंबलून सांगत नसते, मास्तर. आना हात."

त्यांनी मांडीवरचा दुपट्टा उलगडून पुढे केला आणि त्याखाली हात घालून माझी वाट पाहत बसले. त्यांच्या बाजारात सौदा असाच होतो. दुपट्ट्याखाली एकाने दुसऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका भाव. तिसऱ्या माणसाला काही कळत नाही. महादेवरावांना आधी हे नियमबाह्य वाटलं. मग त्यांनी विचार केला आणि हे गुप्त मतदान असून गुप्त मतदानाला आपण वर्गासाठी लिहिलेल्या घटनेत जागा आहे, असा निर्णय घोगऱ्या आवाजात दिला. इंदूबाई भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागल्या. मी दुपट्ट्याखाली हात घातला.

"मुंबई," मी म्हटलं.

माझी पाचही बोटं गच्च धरली गेली, सुटली, पुन्हा गच्च धरली गेली. दहा.

"देवराव."

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. दोन.

मी बेरीज केली. मुंबई बावीस, देवराव सोळा. ती वाचून दाखवताना मला जिन्याखालचं दुकान बंद दिसलं, आणि माझ्या येण्याजाण्याने आता कुणाचंच वाक्य तुटणार नाही, याचं मला काही केल्या बरं वाटेना.

देवराव टेबलाशी आले, वायर गुंडाळण्यासाठी आपला लाल जोड शोधू लागले. महादेवरावांनी मुंबईला पत्र लिहायला कागद घेतला.

"बाबा," मागच्या बाकावरून शामला म्हणाली.

महादेवरावांचं पेन थांबलं. "बाबा कोण?"

"हे. माहे बाबा." ती कळशी बाजूला ठेवून पुढे आली. "बाबा, तुमी त्या मुंबईच्याले दहा देल्ले काय?"

"देल्ले. चांगला माल हाय."

"तुमी कधी कोन्या चांगल्या मालाले चांगलं म्हनलं, बाबा?"

चंपतराव छताकडे पाहू लागले.

"काकाजी, आयका," ती माझ्याकडे वळली. "कोंढाळीचा एक बगीचा होता. बाबा तीन दिवस जाऊन तिथं नावं ठेवून राहिले. हे संत्रे हायेत का लिंबं, झाडं हायेत का काड्या, फुकट देल्ले तरी नेनार नाही. चवथ्या दिवशी घेतला. त्याच बगीच्यावर आमच्या घराचा दुसरा माळा चढला. अन् ज्याच्या बगीच्याले बाबा 'वा वा, एक नंबर' म्हनते ना, त्याच्या बांधावर वापस पाय ठेवत नाही. बाबाले घ्याचं असते त्यालेच नावं ठेवते. चाळीस वरसं झाले. आता आवडलं तरी चांगलं म्हनता येत नाही त्यायले. आईच्या हातच्या भाजीले रोज नावं ठेवते अन् तीनदा मागून घेते."

"काही तरी बोलून राहिली," चंपतराव म्हणाले. "घरातल्या गोष्टी घरात राहू दे वं."

"मंग ते लाल इकडं द्या बरं. हे मघापासून शोधून राहिले."

तेव्हा आमच्या लक्षात आलं. टेबलावर मुंबईचा जोड एकटाच पडला होता. महादेवरावांनी कानांवरून उचलून टेबलावर ठेवलेला लाल जोड तिथे नव्हता. चंपतरावांचा उजवा हात गुण द्यायला माझ्या हातात होता. डावा हात मात्र सबंध वेळ दुपट्ट्याखालीच होता, आणि आताही होता.

"बाबा, दुपट्टा वर करा."

"उन्हाचा आलो मी. थंडी वाजून राहिली."

शामलाने दुपट्टा ओढला. लाल जोड त्यांच्या पोटाशी होता, गच्च धरलेला, वायर अंगठ्याभोवती गुंडाळलेली.

हॉलमध्ये सोळाही टाइपरायटर बंद होते.

"म्हणजे," महादेवराव सावकाश म्हणाले, "आपण या देवरावांचे—"

"सासरा."

"आणि निःपक्ष म्हणून मी आपल्याला—"

"मले कोनी इचारलं? तुमी गाव इचारलं, मी गाव सांगतलं."

महादेवरावांनी घसा खाकरला. सासऱ्याने जावयाला दोन गुण देणं हा पक्षपात समजावा की त्याच्या उलट काही, यावर घटनेत तरतूद नव्हती. शेवटी त्यांनी गुप्त मतदान रद्द ठरवलं आणि चंपतरावांनी सर्वांसमोर, तोंडाने, नव्याने गुण द्यावेत असं सांगितलं.

माणूस चाळीस वर्षं ज्या कामात मुरला ते काम सोडून खरं बोलायला लागला की त्याच्या अंगाला घाम सुटतो. चंपतरावांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"सहा," ते म्हणाले.

"बाबा."

"सात घ्या. चला, विषय संपवा."

"सोडून द्या ना मंग ते खाली. कायले धरलं?"

त्यांनी सोडलं नाही. "आठ. रंग भडकच हाय, ते मी वापस घेत नाही."

"कान दुखले काय तुमचे?"

"नाही दुखले."

"टाइपरायटर आयकू आले?"

"नाही आले."

"मंग दोन गुन कायचे कापले?"

"नऊ!" चंपतराव उठून उभे राहिले. "साडेनऊ! साडेनऊच्या वर माह्या बापानं कोनाले भाव देल्ला नाही, मी बी देनार नाही. लिहा मास्तर, साडेनऊ."

"आणि मुंबईला?" मी विचारलं.

"त्याले? मले घ्याचंच नाही त भाव कायचा सांगू?"

मी लिहिलं. महादेवरावांनी सही केली. चोवीस लाल जोडांचं काम देवराव ढोमणे यांना, मिरगाच्या आत द्यायचं. इंदूबाई म्हणाल्या, एखादा गुलाबी रेक्झिनमध्ये होत असेल तर पाहा. देवराव टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभे होते आणि ऐकत होते, एखाद्या जुन्या रेडिओतून खूप दिवसांनी आलेला आवाज ऐकावा तसे.

पाचची एसटी गाठायची म्हणून चंपतराव निघाले. आम्ही जिन्यापर्यंत गेलो. त्यांनी कानाला दुपट्टा बांधला, एक पायरी उतरले, थांबले आणि वळले. आपल्याकडे सासरा जावयासमोर पायरीवरून मागे वळून उभा राहतो तेव्हा काही तरी मोठं घडणार असतं. शामलाने पदर सावरला. मीही चष्मा पुसला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "काटोलचं मनातून काढून टाका. मी बी काढलं. ट्रकवाल्याले नाही सांगतो. तुमचा हात चांगला हाय. मालातलं मले समजते, अन् आज मी पयल्यांदा तोंडानं बोलून राहिलो. तुमी इथंच शोभता."

"मामाजी," देवराव म्हणाले, आणि त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"रडू नका. हे एक मी घेऊन चाललो."

"न्या ना, मामाजी. तुमचंच हाय."

"नेतो. पन न्याच्या आंधी एक बारीकसं काम करून द्या." चंपतरावांनी पिशवीतून लाल जोड काढला आणि जरा संकोचाने देवरावांच्या हातात ठेवला. "ह्याच्यात मंधामंधात एक मानूस बोलते. तेवढा काढून द्या."